टॅनिंग बेडमध्ये झोपून व्हिटॅमिन डी मिळतं का? (अपार्टमेंटमध्ये फुकट आहे)

पोहे_बिनाशेंगदाणे
नमस्कार मंडळी, दोन वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी मिनेसोटात एमएस करतेय. इथे नोव्हेंबरपासून ऊन म्हणजे फक्त खिडकीतून बघायची गोष्ट. डिसेंबरात पाठ आणि पिंढऱ्या इतक्या दुखायला लागल्या की जिना चढताना आजीसारखं "आई गं" तोंडातून निघायचं, मग युनिव्हर्सिटीच्या क्लिनिकमध्ये रक्त दिलं तर व्हिटॅमिन डी ९ निघालं. डॉक्टरबाईंनी आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिली, ती मी दोनदा घेतली, मग सबमिशन आलं आणि विसरले (ओरडू नका, आईचं ओरडून झालंय).

तर मुद्दा असा की आमच्या कॉम्प्लेक्समध्ये जिमच्या शेजारी टॅनिंग रूम आहे (दिव्यांच्या यंत्रात झोपून मुद्दाम रापायची खोली), भाड्यातच येते, वेगळे पैसे नाहीत. माझी रूममेट गोरी आहे, ती आठवड्यातून दोनदा जाते, ती म्हणाली तुला डी कमी आहे ना मग बेडमध्ये झोप की, ते म्हणजे सूर्यच आहे. लीजिंग ऑफिसमधली मुलगीसुद्धा तेच म्हणाली, "भरपूर व्हिटॅमिन डी, आणि तुमची स्किन तर भाजतच नाही". म्हटलं फुकट आहे तर बघू, काल गेले. ते यंत्र उघडं बघितल्यावर मला आमच्या घरचा सँडविच टोस्टर आठवला, खाली नळ्या वर नळ्या आणि मध्ये आपण ब्रेड. जांभळट निळा उजेड, पंख्याचा आवाज, आणि बाहेर आल्यावर अंगाला एक विचित्र वास येतो, केस किंचित जळल्यासारखा. आठ मिनिटं लावली होती. मस्त ऊबदार वाटलं खरं, तीन महिन्यांत पहिल्यांदा.

आईला सांगितलं तर म्हणाली, "इथे लोक टॅन काढायला पार्लरमध्ये पैसे ओततात आणि तू चढवायला निघालीस?"

आपल्या सावळ्या स्किनला याचा खरंच धोका असतो का? की ते कॅन्सर वगैरे फक्त गोऱ्यांचं?

खवट_म्हातारा
पहिला! (पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

यारा_नदीकाठचा
अगं बाई, थांब. मी मेलबर्नला आहे, २००५ पासून. इथे याला सोलॅरियम म्हणतात, म्हणजे म्हणायचे, कारण आता धंदा म्हणून चालवायला बंदीच आहे. क्लेअर ऑलिव्हर म्हणून मुलगी होती इथली, २६ वर्षांची, मेलानोमा म्हणजे कातडीचा एक जहाल कॅन्सर झालेला. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमधून टीव्हीवर, पेपरात येऊन सांगत होती की सोलॅरियममध्ये जाऊ नका. २००७ च्या सप्टेंबरात गेली. मी तेव्हा नवीनच होतो, ट्राममध्ये पेपर उघडला की तिचा फोटो. तिच्यामुळे आधी नियम कडक झाले आणि मग व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स वगैरेंनी २०१५ उजाडताना दुकानंच बंद केली. त्याआधी ब्राझीलने २००९ मध्येच बंदी घातली होती.

आता बोल, ज्या देशात लोक बीचवर जन्मतात आणि बीचवर मरतात तिथे हे यंत्र बंद करतात, आणि तुमच्याकडे भाड्यात फुकट.

रोखठोक_रमेश
@यारा काका, एका मुलीच्या गोष्टीवरून शास्त्र ठरत नाही. ऑस्ट्रेलियात बहुतेक जनता गोरी आणि ऊन भाजून काढणारं, तिथला मेलानोमा आणि आपला मेलानोमा यांची तुलना कशी करायची? आकडे असतील तर द्या.

यारा_नदीकाठचा
आकडे डॉक्टर लोक देतील, मी पाहिलेलं सांगितलं.

कातडीसोलू
आलो. (नवीन लोकांसाठी: पुण्यात स्किनची प्रॅक्टिस करतो, आयडी बायकोने सुचवलेला आहे.)

आकडे. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर काम करणारी संस्था आहे, आयएआरसी, तिने २००९ मध्ये टॅनिंगची यंत्रं गट १ मध्ये टाकली, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की, शंका नाही. त्याआधीच्या त्यांच्याच अभ्यासात पस्तिशीच्या आत बेड वापरायला सुरुवात केली तर मेलानोमाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो असं आलं होतं, नंतर २०१२ मध्ये जास्त डेटा घेऊन मोजलं तर ५९ टक्के.

खवट_म्हातारा
गट १ म्हणजे प्लुटोनियम, ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूची पंगत ना?

रोखठोक_रमेश
सॉसेज आणि बेकनसुद्धा त्याच पंगतीत आहे, २०१५ पासून. त्यामुळे "प्लुटोनियमसारखं" म्हणून घाबरवू नका. आणि डॉक्टर, ५९ टक्के कशाचे? मुळात लाखात एखाद्याला होत असेल तर ५९ टक्के वाढून दीडजणांना होईल. भारतीयांत मेलानोमा असतो किती?

कातडीसोलू
रमेशराव, दोन्ही मुद्दे बरोबर. गट म्हणजे पुरावा किती पक्का ते, विष किती जहाल ते नव्हे. आणि हो, भारतात मेलानोमा कमी आहे, लाखात एकाहूनही कमी. हे सगळे अभ्यास गोऱ्या लोकांवरचे आहेत, ५९ टक्के उचलून तसाच्या तसा आपल्या मुलीला लावता येणार नाही. मी तिला "तुला कॅन्सर होणार" असं म्हणणारही नाही.

पण धाग्याचा प्रश्न कॅन्सरवर संपत नाही ना. ती तिथे डी साठी गेली होती, आणि तिथेच सगळी मेख आहे. अल्ट्राव्हायोलेटचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. कातडीत डी बनवतं ते यूव्हीबी. टॅनिंगच्या नळ्यांतून निघतं ते बहुतांशी यूव्हीए, यूव्हीबी चार-पाच टक्के असलं तर असलं. यूव्हीए खोल जातं, कातडीतलं आधी तयार असलेलं मेलॅनिन, म्हणजे कातडीचा रंग, लगेच काळं करतं, म्हणून टॅन झटपट दिसतो आणि भाजल्याचं पटकन कळत नाही. ताकदवान यंत्रांत भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट यूव्हीए असतं. म्हणजे डी साठी गेलीस आणि ज्याने डी बनत नाही तेच पोत्याने घेऊन आलीस. थोडंफार बनत असेल, नाही असं नाही, पण त्यासाठी मोजलेली किंमत बघ.

कोकणकन्या_एक्स्प्रेस
म्हणजे भाजी आणायला गेली आणि नुसती पिशवीच घेऊन आली :)

डॉक, मग ते "कोवळ्या उन्हात बस" जे आजी सांगायची त्याचं काय?

कातडीसोलू
आजीची माफी मागून: कोवळ्या उन्हात यूव्हीबी जवळपास नसतंच. सूर्य वर आला की येतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडायला लागली की डी बनतं असा ढोबळ हिशोब. आणि काचेच्या आड बसून तर काहीच नाही, काच यूव्हीबी अडवते आणि यूव्हीए आत सोडते. मिनेसोटाच्या जानेवारीत तर बाहेर उघडं उभं राहिलं तरी नाही, सूर्य इतका खाली असतो की यूव्हीबी वरच्या हवेतच गळून जातं. न्यूमोनिया मात्र मिळेल.

पोहे_बिनाशेंगदाणे
बापरे एवढे प्रतिसाद. डॉक्टर, एक विचारायचं होतं. परवा गेले होते ना, तर काल संध्याकाळपासून छाती, खांदे आणि मांड्या लाल झाल्यात, आज तर टीशर्ट लागला तरी आग होतेय. मला आयुष्यात कधी सनबर्न झालेला नाही, आम्ही नागपूरचे, मे महिन्यात टू-व्हीलरवर क्लासला गेलेय, फक्त काळी पडायचे. फक्त आठच मिनिटं होती हो. आणि मशीनवर तर २० पर्यंत आकडे होते.

कातडीसोलू
औषधं कुठली चालू आहेत? सगळी सांग, पिंपल्सची, थायरॉइडची, सगळी.

पोहे_बिनाशेंगदाणे
डी ची ती विसरलेली कॅप्सूल. आणि पिंपल्ससाठी डॉक्सीसायक्लिन, दोन महिने झाले. रात्री लावायला एक ट्रेटिनॉइन.

कातडीसोलू
तरीच. आता बेडच्या आसपास फिरकायचं नाही, हे आधी.

डॉक्सीसायक्लिन घेताना कातडी उजेडाला चिडते, आणि नेमकी यूव्हीएलाच जास्त. नुसत्या उन्हात गेलं तरी भाजल्यासारखं होतं, काहींची नखं टोकापासून सुटतात. तू तर नुसत्या यूव्हीएच्या पेटीत जाऊन झोपलीस. आठ मिनिटं इतरांना काही नसती, तुला भरपूर. डॉक्सीच्या बाटलीवर पिवळं स्टिकर असेल, ऊन टाळा म्हणून, बघ. अशी औषधं बरीच आहेत, बीपीच्या गोळ्यांमधल्या काही थायझाइड, काही अँटिबायोटिक्स. टॅनिंगवाल्यांनी आधी हे विचारायला हवं, पण तुमच्याकडे रूमला कोण असतं? कुलूप आणि की-कार्ड.

गार पाण्याच्या पट्ट्या, साधं मॉइश्चरायझर, ट्रेटिनॉइन सध्या बंद. फोड आले, ताप आला किंवा डोळे दुखायला लागले तर क्लिनिक, वाट बघायची नाही. आणि डॉक्सी स्वतःहून बंद करू नकोस, ज्यांनी दिली त्यांना फोन कर. गॉगल घातला होतास ना?

पोहे_बिनाशेंगदाणे
स्टिकर आहे. पिवळंच आहे. सूर्याचं चित्रपण आहे. मला वाटलं ते बाहेरच्या सूर्याबद्दल आहे.

गॉगल नव्हता, तिथे एक डबा होता पण कोणाकोणाचे वापरलेले असतील म्हणून किळस आली, डोळे घट्ट मिटून घेतले होते.

कातडीसोलू
पापणी म्हणजे शरीरातली सगळ्यात पातळ कातडी, तिच्यातून आरपार जातं. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपत असेल तर आजच दाखव. वेल्डिंगकडे बघितल्यावर रात्री होतं ना, तसंच.

सातारी_मिसळ
हे वाचून मामाची आठवण झाली. मामाला कोड होतं, हातावर आणि ओठाजवळ. लग्नाचं वय, घरात नुसती कुजबुज. वैद्यांनी बावचीचं तेल दिलं, लाव आणि पाच मिनिटं उन्हात धर म्हणून. मामाचा हिशोब असा की पाच मिनिटांत एवढा फरक तर तासात केवढा. गच्चीवर वाळवण घालतात तसा चटई टाकून पडला, वैशाखात. संध्याकाळी हातावर लिंबाएवढे फोड. आजी ओरडायची की वैद्याने जाळलं, वैद्य म्हणाले मी मिनिटं सांगितली होती, दिवस नव्हे.

मामा आता सत्तरीत आहेत, डाग तसेच, लग्न झालं, तीन नातवंडं. पण गच्चीवर जायला आजही छत्री.

कातडीसोलू
@सातारी_मिसळ, जबरी. बावचीत सोरालेन असतं, ते कातडीत गेलं की कातडी यूव्हीएला हजारो माश्या चावल्यासारखी चिडते. हीच युक्ती घेऊन १९७४ मध्ये पुवा नावाची ट्रीटमेंट निघाली, सोरालेनची गोळी आणि मग मोजून यूव्हीए, सोरायसिससाठी. आणि त्याचाच पुरावा पुढे असा आला की वर्षानुवर्षं पुवा घेतलेल्यांत कातडीचे कॅन्सर वाढतात. म्हणजे डॉक्टरने मोजूनमापून दिलेलं यूव्हीएसुद्धा फुकट नसतं. म्हणून आता आम्ही बहुतेक नॅरोबँड यूव्हीबी वापरतो, ३११ नॅनोमीटरचं, सेकंदांत मोजून, दर वेळी थोडं वाढवत, चष्मा घालून. पेशंट विचारतात, "डॉक्टर, हेच टॅनिंग बेड ना, मग जिममधलं घेऊ का?" नाही हो.

बायसेप्स_बाळू
अवांतर होईल पण आमच्या बॉडीबिल्डिंगमध्ये स्टेजवर काळंकुळं दिसावं लागतं नाहीतर लाइटमध्ये कट्स दिसत नाहीत. पोरं आधी महिनाभर बेड घेतात, मग वरून रंग. काहीजण नाकात मारायचा स्प्रे किंवा इंजेक्शन घेतात मेलानोटान नावाचं, ऑनलाइन येतं. एकाला त्याने सगळे तीळ काळे झाले आणि नवीन उगवले, त्याने घाबरून बंद केलं. स्प्रे टॅन कसा, तो चालतो का?

कातडीसोलू
मेलानोटान कुणीही घेऊ नका, मान्यता नसलेलं इंजेक्शन आहे, बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. स्प्रे टॅनमध्ये डीएचए असतं, साखरेचा प्रकार, वरच्या मेलेल्या कातडीशी त्याची रिॲक्शन होऊन तपकिरी रंग येतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं दिसतं पण प्रकार पोळी भाजताना रंग येतो त्याच जातीचा. पाच-सात दिवसांत निघून जातो. डोळे-तोंड-नाक झाकून घ्यायचं, श्वासात जाऊ द्यायचं नाही. आणि त्याने उन्हापासून बचाव होत नाही, सनस्क्रीन वेगळं लावावंच लागतं.

सिनसिनाटीची_सुगरण
मी इथे २२ वर्षं आहे, माझी लेक हायस्कूलला होती तेव्हा प्रॉमच्या (शाळेच्या नाचाच्या पार्टीच्या) आधी अख्खा वर्ग टॅनिंगला जायचा, कारण "बेस टॅन" घेतला की बीचवर भाजत नाही म्हणे. माझी लेक काळी, तरीही हट्ट, मैत्रिणी जातात म्हणून. मी नवऱ्याला म्हटलं, आपल्या पोरीला गोरं कर म्हणून साबण लावणाऱ्या देशातून आलो आणि आता ही काळं व्हायला पैसे मागतेय. दोन्हीकडे कातडी आहे तशी चालत नाही कुणाला.

कातडीसोलू
मावशी, बेस टॅनचं संरक्षण एसपीएफ तीन-चारच्या आसपास. पातळ बनियन. आणि टॅन म्हणजेच इजा झाल्यावर कातडीने घेतलेला बचाव, पेशींच्या डीएनएला धक्का बसल्याशिवाय तो येतच नाही.

कोर्टाची_पायरी
इथे मला दोन पैसे टाकू द्या, अमेरिकेत ॲडव्हर्टायझिंग कायद्यात काम करते. लीजिंग ऑफिसची मुलगी जे बोलली ना, व्हिटॅमिन डी वगैरे, ते वाक्य टॅनिंगवाल्यांनी अनेक वर्षं घासून गुळगुळीत केलेलं आहे. फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये इनडोअर टॅनिंग असोसिएशनवरच कारवाई केली होती, टॅनिंग सुरक्षित आहे, कॅन्सरचा धोका नाही असे खोटे दावे करतात म्हणून, तेव्हा तडजोड होऊन जाहिरातींवर बंधनं आली. एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये यंत्रांचा वर्ग बदलला, आधी ती बँडेजच्या पट्टीच्या वर्गात होती, मग एक पायरी वर, आणि १८ च्या आतल्यांनी वापरू नये अशी ठळक सूचना यंत्रावर लावायला सांगितली. कॅलिफोर्नियात २०१२ पासून १८ च्या आतल्यांना बंदीच. आणि गंमत म्हणजे ओबामाकेअरमध्ये (ओबामाच्या आरोग्यविमा कायद्यात) आधी बोटॉक्सवर टॅक्स लावायचं चाललं होतं, ते डॉक्टरांनी हाणून पाडलं आणि तो टॅनिंगवर दहा टक्के होऊन बसला.

विद्यार्थ्यांचं म्हणाल तर २०१४ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या वरच्या १२५ कॉलेजांपैकी निम्म्याच्या आसपास ठिकाणी कॅम्पसवर किंवा बाहेरच्या अपार्टमेंटमध्ये टॅनिंग सापडलं होतं, आणि अपार्टमेंटवाले बहुतेक फुकटच देत होते. तुझं कॉम्प्लेक्स काही जगावेगळं नाही.

रोखठोक_रमेश
माहितीपूर्ण. माझा मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. सावळ्या माणसाने का घाबरावं, कॅन्सर सोडून?

कातडीसोलू
माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींची तक्रार एकच, वांग. गालावर, कपाळावर तपकिरी डाग. आपल्या जातीच्या कातडीत मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी फार उत्साही, जरा डिवचलं की डाग, आणि तो वर्षानुवर्षं जात नाही. यूव्हीए वांग हमखास वाढवतं. पिंपल्सचे काळे डागसुद्धा गडद होतात, आणि या मुलीचं मूळ दुखणं पिंपल्स आहे हे विसरू नका. चेहरा सुधारायला गोळी घेते आणि शेजारच्या खोलीत जाऊन चेहरा बिघडवून येते. शिवाय यूव्हीएने कोलॅजन, कातडी घट्ट धरून ठेवणारं प्रोटीन, तुटतं, सुरकुत्या लवकर, पण चोविसाव्या वर्षी सुरकुतीची भीती कुणाला वाटते.

आणि मेलानोमा सावळ्यांना होतच नाही असं नाही, होतो तो बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. बॉब मार्लेचा पायाच्या अंगठ्याला होता, ३६ व्या वर्षी गेला. त्याचा ऊन-टॅनिंगशी संबंध नाही, पण आपल्यात उशिरा कळतो, कारण "आपल्याला होत नाही" म्हणून कुणी बघतच नाही. तळपायावर नवा काळा डाग, कडा वेडीवाकडी, वाढतोय, किंवा एकाच नखात काळी पट्टी रुंद होतेय, तर दाखवा.

खवट_म्हातारा
रात्री साडेअकराला मोजे काढून टॉर्चने तळपाय बघतोय. बायको विचारतेय काय हरवलं.

कोकणकन्या_एक्स्प्रेस
माझी मैत्रीण लंडनला असते, तिथे सनबेडवाली पोरगी आहे ऑफिसात, हिवाळ्यात गेली नाही की चिडचिड करते, म्हणते मूड जातो. खरंच व्यसन लागतं का?

कातडीसोलू
लागू शकतं. यूव्ही लागलं की कातडीत एंडॉर्फिन बनतं, अफूच्या कुळातलं. अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, दोन सारखे दिसणारे बेड, एकात यूव्ही आणि एकात नाही, नेहमी जाणाऱ्यांना न सांगता झोपवलं, नंतर निवड दिली तर जवळजवळ सगळे यूव्हीवाल्यातच गेले. "मस्त ऊबदार वाटलं" हे पोहेताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय बघा. काही ऊब खरी असेलच म्हणा, मिनेसोटात.

पोहे_बिनाशेंगदाणे
अपडेट. क्लिनिकमध्ये जाऊन आले. फोड नाहीत, डोळे ठीक आहेत. त्या बाईंनी स्टिकरवर बोट ठेवून माझ्याकडे नुसतं बघितलं, काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. डॉक्सी बदलून दिली. पाठीची सालं निघताहेत, रूममेट म्हणाली सॉरी, आणि मग बॅग घेऊन टॅनिंगला गेली.

डी ची कॅप्सूल परत सुरू केली, हिरवी, मऊ, ५०,००० युनिटवाली, आठवड्याला एक, फोनवर अलार्म लावलाय. रोज नको ना घ्यायला?

कातडीसोलू
अजिबात नको, आठवड्याला म्हणजे आठवड्यालाच, जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं. जेवणानंतर घे, जेवणात तूप-तेल असू दे. लिहून दिलेले आठवडे संपले की परत रक्त तपास.

पोहे_बिनाशेंगदाणे
शेवटचा प्रश्न, आईचा आहे, माझा नाही: ती गोळी व्हेज आहे का?

कातडीसोलू
हिरवी ५०,००० वाली बहुधा डी२ असते, ती यीस्टवर यूव्हीचा मारा करून बनवतात. डी३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून, तेही यूव्हीखाली ठेवून. म्हणजे तुझ्या वाटचं टॅनिंग कुणीतरी आधीच करून ठेवलंय. मेंढी मारत नाहीत, लोकर कातरतात. वरचं मऊ आवरण मात्र बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, ते डब्यावर बघून घे.

पोहे_बिनाशेंगदाणे
बघितलं. आईला यीस्टपर्यंत सांगते.